वाव

पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत किती?
सहाशे दहा, म्हणतो एक कारखाना.
सातशे चाळीस, म्हणतो दुसरा.
तिसरा काहीच म्हणत नाही,
त्याला टाळं लागून अकरा वर्षं झाली
आणि त्याची कपाटं अजून उभी आहेत.

रुंदीचं मात्र एकमत. एकोणीस इंच.
कुणीतरी कधीतरी ठरवलं, सगळ्यांनी मान डोलावली.
भांडण आहे ते खोलीचं.

सान्चुंगच्या गल्लीत, पत्र्याखाली, माझं टेबल.
खाली आ-तु काकांचा प्रेस
दर चार सेकंदांनी आदळतो
आणि माझ्या चहात एक वर्तुळ उमटतं.
मी काढतेय दोन पट्ट्या,
एकीच्या पोटात दुसरी.
ओढली की लांब, ढकलली की आखूड.
सोपं वाटतं.
पण जितकी लांबवावी तितका एकमेकींवरचा हात सुटत जातो.
ऐंशी मिलिमीटर तरी अंगावर अंग हवं,
नाहीतर बत्तीस किलोच्या सर्व्हरखाली
मधोमध झोळ येतो, ओल्या चादरीसारखा.

आणि भोकं.
कुठे चौकोनी, कुठे गोल, कुठे आटे पाडलेली.
मी खुंटी काढली, नाकाशी गोल, खांद्याशी चौकोनी,
मागे स्प्रिंग:
चौकोनी भोक भेटलं तर खांदा आत,
गोल भेटलं तर खांदा मागे सरून उभा.
आ-तु काकांनी ती अंगठ्यानं दाबून पाहिली.
"कागदावर सगळंच बसतं," म्हणाले.
"कपाटात बसलं की हाक मार."

ह्वालिएनच्या इस्पितळातून फोन आला.
तळघर. पानाय नावाची तंत्रज्ञ,
दातांत टॉर्च, हातात माझा नमुना.
नमुना बसत नव्हता.
गावातल्या वीस वर्षांच्या एक्स-रेंचा साठा
ज्या यंत्रात, ते यंत्र
दोन विटांवर आणि औषध कंपनीच्या एका जाड डायरीवर
टेकवलेलं.

मी टेप लावला.
वरच्या डाव्या कोपऱ्यात सहाशे सतरा.
वरच्या उजव्या, एकोणीस.
खाली बावीस.
पुन्हा लावला. खाली बावीसच.
एकच कपाट, एकच कारखाना,
आणि प्रत्येक कोपऱ्याचं म्हणणं वेगळं.
"भूकंप," पानाय म्हणाली, टॉर्च काढून,
जसं कुणी सांगावं, पाहुणे येऊन गेले.
तसूभरही हलू नये म्हणून जमिनीत ठोकलेलं ते
दीड सूत हललं होतं.

मी आजवर कपाटाकपाटांतला फरक मोजत होते.
कपाटाचा स्वतःशीच फरक पडतो
हे माझ्या कोष्टकात नव्हतं.

परत येऊन गोल भोक लांबट केलं,
पाच मिलिमीटर.
खुंटीच्या बुडाशी वायसर, जरा सैल,
मान वळवता येईल इतकी.
आमच्या मॅनेजरबाई, श्ये बाई, म्हणाल्या,
ढिली वस्तू विकायची का आपण?
मी म्हटलं, ढिली नाही. वाव आहे.
त्यांनी शब्द दोनदा उच्चारून पाहिला
आणि किंमत विचारली.

आ-तु काकांनी तीन तुकडे कापले,
कडा कानशीनं मारल्या,
पट्टी ओढून सोडली.
खट्.
काही बोलले नाहीत. प्रेसकडे वळले.
माझा चहा पुन्हा थरथरला.

आठवड्यानं पानायचा फोटो आला.
यंत्र अधांतरी, सरळ, दिवे हिरवे.
विटा कोपऱ्यात रचलेल्या.
डायरी मात्र तिथेच, यंत्राच्या पोटाखाली,
न टेकता.
खाली एक ओळ: बसलं. डायरी राहू दे.

मला जरा राग आला.
माझ्या पट्टीवर विश्वास नाही की काय?
मग भार-चाचणीचं कोष्टक उघडलं,
शेवटी एक रकाना वाढवला
आणि तिला विचारलं, डायरी किती जाड आहे.

साडेतीन सेंटिमीटर.
लिहून ठेवलं.